एअरफ्लो मीटर काढण्याआधी: टर्बो गाडी स्पीड डेन्सिटीवर नेण्याची वाट

जळगावच्या एमआयडीसीतल्या शेडसमोर गाडी थांबते, पोरगा बॉनेट उघडतो आणि विचारतो, "भो, एअरफ्लो मीटर काढून टाकला तर किती पॉवर वाढेल?" मी सांगतो, मीटर काढल्याने काही वाढत नाही. वाढते ती मोठ्या टर्बोने (इंजिनात हवा कोंबणारा पंखा), मोठ्या इंटरकूलरने (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी), जास्त बूस्टने (कोंबलेल्या हवेचा दाब). एवढी हवा त्या जुन्या मीटरमधून मावेनाशी झाली की तो काढायचा. मग हवा मोजायची दुसरी सोय लागते, तिचं नाव स्पीड डेन्सिटी. तो चहा पिऊन निघून जातो. दहातले दोन-तीन जण परत येतात. हा लेख त्या परत येणाऱ्यांसाठी.

मुळात फरक काय, ते आधी. एअरफ्लो मीटर, म्हणजे एमएएफ, एअर फिल्टरच्या पुढे बसलेला असतो. त्यातल्या तापवलेल्या पातळ पट्टीवरून हवा गेली की पट्टी थंड होते. किती थंड झाली त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं, किती ग्रॅम हवा गेली. हे थेट मोजमाप आहे. स्पीड डेन्सिटीत थेट मोजमाप होत नाही, हिशोब होतो. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, इंजिनचे आरपीएम आणि एक तक्ता, यांवरून ईसीयू हवेचं वजन काढतो. तक्त्याचं नाव व्हीई टेबल, व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सीचं. अमुक आरपीएमला, अमुक दाबाला सिलिंडर किती टक्के भरतो, ते त्यात लिहिलेलं असतं.

यात नवल काही नाही. मारुतीची जुनी एमपीएफआय इंजिनं दाबाच्या सेन्सरवरच चालायची, पोलो जीटीच्या १.२ टीएसआयलाही एअरफ्लो मीटर नाही. तुमच्या गाडीला आधीपासून एमएएफ नसेल तर हा लेख इथेच मिटवा. तुमचं काम वेगळं आहे.

माझं उदाहरण पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसचं. १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो, १५० हॉर्सपॉवर. भारतात २००४ च्या सुमाराला आलेली. मी ती जुनी घेतली, टर्बो बदलला, इंटरकूलर समोर आणला आणि २२० हॉर्सपॉवरचं गणित मांडलं. पुढचे आकडे त्याच गाडीचे आहेत.

कोणी करू नये

टर्बो कंपनीचाच आहे, बूस्ट थोडासाच वाढवलाय, तर एमएएफ राहू द्या. त्याचा एक मोठा गुण असा की इंजिनमध्ये बदल झाला तरी तो हवा बरोबर मोजतो. सायलेन्सर बदला, कॅमशाफ्ट बदला, मीटर आपलं काम करतो. स्पीड डेन्सिटीत असा प्रत्येक बदल केला की व्हीई टेबल पुन्हा जुळवावं लागतं. ज्याला दर महिन्याला नवीन पाइप लावायची खाज आहे त्याने याचा विचार आधी करावा.

मग करावं कोणी? मीटरची कमाल मर्यादा गाठली असेल, म्हणजे लॉगमध्ये (ईसीयूच्या साठवलेल्या नोंदीत) त्याचा आकडा वर जाऊन सपाट होत असेल, त्याने. मीटर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्यामधली मोजून झालेली हवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हमधून (थ्रॉटल मिटल्यावर अडकलेला दाब सोडणारी झडप) बाहेर सोडायची असेल, त्याने. कारण एमएएफवर ती सोडली की ईसीयू नसलेल्या हवेलाही पेट्रोल देतो आणि गिअर बदलताना गाडी काळा धूर टाकते.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या वेळी अंगाशी येतो, तो वेगळा. माझी गाडी प्रोजेक्ट आहे, ट्रॅक आणि डायनोसाठी (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र). रोजच्या एकुलत्या एका गाडीवर हा प्रयोग करू नका.

गळती शोधा, पाइपवाल्याकडे जाऊन

पहिलं काम स्पॅनर हातात घेण्याचं नाही. कॉम्प्रेशन टेस्ट करा, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ हवेत. फ्युएल प्रेशर गेज लावा. प्लग काढून बघा. इंजिन मुळात धडधाकट नसेल तर ट्यूनिंगने ते बरं होत नाही.

मग बूस्ट लीक टेस्ट. यासाठी ऑनलाइन महागडं किट मिळतं. आपल्याकडे गरज नाही. जळगाव म्हणजे केळी आणि ठिबक. शेतीच्या पाइपचं दुकान दर चौकात. तिथून पीव्हीसीची एंड कॅप आणा, ६३ किंवा ७५ मिलिमीटरची, तुमच्या टर्बोच्या तोंडाच्या होजमध्ये घट्ट बसेल ती. मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवा. एअर फिल्टर काढून ही कॅप टर्बोच्या तोंडाला होज आणि क्लॅम्पने आवळा आणि कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा. रेग्युलेटर लावल्याशिवाय हवा भरू नका, अर्ध्या बारपासून सुरुवात करा आणि कॅपच्या समोर उभे राहू नका. एकदा माझी कॅप सुटून शेडच्या पत्र्याला लागली, तो पोचा अजून आहे. हवा भरली की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. फुगे आले की क्लॅम्प आवळा नाहीतर होज बदला.

एमएएफवर गळती असली की गाडी लगेच रडते, त्यामुळे ती सापडते. स्पीड डेन्सिटीवर टर्बो आणि थ्रॉटलमधली गळती गाडी गुपचूप गिळते: दाब मॅनिफोल्डमध्ये मोजला जातो, पेट्रोल बरोबर पडतं, फक्त टर्बो जास्त फिरून तापत राहतो. म्हणून ही टेस्ट आधीच.

दोन सेन्सर: इथे घाई करू नका

नवखे लोक ईसीयूवर महिनाभर वाचतात आणि सेन्सर अर्ध्या तासात बसवतात. माझं म्हणणं उलट आहे. ईसीयू कोणताही घ्या, पण दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर बसवायला दोन दिवस द्या.

दाबाचा सेन्सर म्हणजे एमएपी. त्याचा आकडा निरपेक्ष दाबाचा असतो. गेजवर १.३ बार बूस्ट दिसतो तेव्हा मॅनिफोल्डमध्ये सुमारे २.३ बार असतात. म्हणजे अडीच बारचा सेन्सर काठावर, तीन बारचा योग्य. वर थोडी जागा हवीच. बूस्ट कधी उसळला तर सेन्सरला तो दिसला पाहिजे.

ऑक्टाव्हियासारख्या गाडीत एक फसगत आहे. कंपनीचा प्रेशर सेन्सर असतोच, मग तोच वापरू असं वाटतं. तो थ्रॉटलच्या आधी, इंटरकूलरच्या बाजूला असतो. तिथे टर्बोचा दाब कळतो, सिलिंडरसमोरचा कळत नाही. आयडलवर थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल (शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार) असतील आणि तो सेन्सर वातावरणाचा दाब दाखवत बसेल. स्पीड डेन्सिटीसाठी दाब थ्रॉटलच्या पलीकडचाच हवा.

मॅनिफोल्डपासून सेन्सरपर्यंतची नळी आखूड, जाड भिंतीची, सिलिकॉनची. तिला टी लावून बूस्ट गेज, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, असे पाहुणे जोडू नका. सेन्सर इंजिनवर नको, फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर बसवा. दोन्ही टोकांना क्लिप लावा.

बसवल्यावर पहिली परीक्षा: चावी ऑन, इंजिन बंद. आकडा वातावरणाचा आला पाहिजे. पुस्तकात १०१.३ असतो म्हणून पोरं कॅलिब्रेशन ओढून-ताणून तिथे आणतात. ते समुद्रसपाटीचं झालं. जळगाव दोनशे मीटरवर आहे, इथे ९७ ते ९९ किलोपास्कल दिसतात आणि उन्हाळ्यात खालच्या बाजूला. १०१ दिसले तर काहीतरी चुकलंय.

तापमानाचा सेन्सर, आयएटी. जाळीत उघडं टोक असलेला घ्या. पितळी टोपीतला फार सावकाश हलतो, बूस्टवर हवा दोन सेकंदांत तापते आणि तो अजून मागच्या चौकातच असतो. जागा: इंटरकूलरनंतरच्या थंड पाइपमध्ये, थ्रॉटलच्या थोडं आधी. मॅनिफोल्डच्या धातूत बसवू नका. तिथे तो हवेऐवजी धातूचं तापमान सांगतो.

आपल्याकडे या मुद्द्याला जास्त वजन आहे. भुसावळच्या मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश. गाडी चालवून आणली, वीस मिनिटं उभी केली, पुन्हा सुरू केली. मॅनिफोल्डमधला सेन्सर ७० दाखवतो, प्रत्यक्षात हवा ५० ची. केल्विनमध्ये ३४३ आणि ३२३. ईसीयूला वाटतं हवा पातळ आहे, तो सहा टक्के पेट्रोल कापतो. हिवाळ्यात धुळ्याच्या पहाटे ८ अंश आणि उन्हाळ्यात दुपारी ४८, या दोन टोकांत हवेच्या घनतेतच साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. हा फरक ज्याने पकडायचा तोच सेन्सर खोटं बोलत असेल तर तक्ता कितीही गुळगुळीत करा, उपयोग नाही.

तिसरा वाइडबँड लॅम्डा सेन्सर, बॉशचा एलएसयू ४.९. लॅम्डा म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा किती: १.०० नेमकी, त्याखाली रिच (पेट्रोल जास्त), त्यावर लीन (पेट्रोल कमी). टर्बोच्या मागे डाउनपाइपमध्ये, दोन-तीन फुटांवर, एम१८ चा नट वेल्ड करून. सेन्सर आडवा किंवा पाइपच्या खालच्या बाजूने नको, त्याची वायरीकडची बाजू आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर उचललेली हवी, नाहीतर पाणी साचून मरतो. टर्बोच्या आधी लावू नका. आणि कंट्रोलरची ग्राउंड वायर ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडजवळच जोडा. बॉडीला कुठेही स्क्रू मारलात तर लाइट लावल्यावर लॅम्डा हलेल आणि तुम्ही कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्यासारखं अंदाजाने काम करत बसाल.

माझी नळी

हे माझ्या हातून झालेलं आहे म्हणून सविस्तर सांगतो. पहिल्या वेळी सिलिकॉनची नळी हाताशी नव्हती. फिशटँकच्या दुकानातली पारदर्शक नळी आणली आणि लावली. दोन महिने उत्तम चालली. एप्रिल संपता संपता क्रूझिंगला लॅम्डा ०.९० दिसायला लागला. आधी तिथे १.०० असायचा. मला वाटलं टेबल थोडं बिघडलंय. मी क्रूझिंगच्या भागातले व्हीईचे आकडे आठ-दहा टक्के कमी केले. लॅम्डा परत १.०० वर आला. मी खूश.

नळी उन्हाने आणि इंजिनच्या झळेने कडक होऊन निपलजवळ केसाएवढी चिरली होती. व्हॅक्यूममध्ये त्या चिरेतून बाहेरची हवा आत यायची, सेन्सरला खरा दाब ५० असताना ५५ दिसायचा, ईसीयू जास्त पेट्रोल द्यायचा. म्हणून रिच. बूस्टवर बरोबर उलटं. मॅनिफोल्डमध्ये १७० किलोपास्कल, चिरेतून हवा बाहेर, सेन्सरला १४०. ईसीयूने १४० च्या हिशोबाने पेट्रोल दिलं. लॅम्डा ०.८० हवा होता तिथे ०.९७ झाला.

नळी पूर्ण निसटली असती तर बरं झालं असतं. पेट्रोल इतकं कमी पडलं असतं की इंजिन भकभक करून बसलं असतं, मीही थांबलो असतो. ०.९७ वर गाडी मस्त ओढते. तापते, नॉक करते (मिश्रण आपोआप पेटून आतून ठोके बसतात) आणि ओढत राहते. इंजिन खोललं तेव्हा तीन नंबरच्या पिस्टनची रिंग लँड, म्हणजे रिंगांमधली कड, तुटलेली होती. माझ्याकडचे जुने मिस्तरी अहिराणीत एवढंच म्हणाले, "गाडी कवयनी सांगी राह्यनी व्हती, तू ऐकं नही."

त्यांचं बरोबर होतं. जे टेबल काल बरोबर होतं ते आज चुकलं, तर टेबलात बोट घालायचं नाही. आधी सेन्सर, नळ्या, वायरी, फ्युएल प्रेशर बघायचं. टेबलात आकडे आपोआप बदलत नाहीत.

ईसीयू, इंजेक्टर आणि हिशोब

ईसीयूमध्ये स्वस्तातला स्पीडुइनो, त्याच्या वरच्या पायरीला रसईएफआय, मेगास्क्वर्ट; पुढे महाग मंडळी बरीच. आमच्या ऑक्टाव्हियाला थ्रॉटलची केबल नाही, मोटर आहे. स्पीडुइनो ती मोटर स्वतः चालवत नाही, रसईएफआय चालवतो. हे खरेदीआधी बघा. जुना ईसीयू पूर्ण काढला तर इमोबिलायझर, मीटर कन्सोल, एसी यांचं काय, तेही बघा. माझ्या गाडीत जुना ईसीयू मीटर कन्सोलसाठी जोडलेलाच ठेवला आहे.

इंजेक्टर किती मोठे? टर्बो पेट्रोल इंजिनला एका हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरा. २२० हॉर्सपॉवरला साठ किलो, चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी पंधरा किलो. मिनिटाला साधारण ३४० सीसी. इंजेक्टर ८५ टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणजे ४०० सीसी. आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्याला आठ-नऊ टक्के जास्त लागतं. ४४० झाले. मी ५५० चे घेतले.

याच इथेनॉलमुळे एक सवय लावा: एएफआरच्या (हवा आणि पेट्रोलच्या वजनी प्रमाणाच्या) भाषेत बोलू नका, लॅम्डात बोला. शुद्ध पेट्रोलला १४.७, २० टक्के इथेनॉलला सुमारे १३.५. लॅम्डा दोन्हीकडे १.००. वाइडबँड मुळात लॅम्डाच मोजतो.

आता एकदा कागदावर हिशोब करा, म्हणजे ईसीयू आत काय करतो ते हाताला कळेल. हवेचं वजन = व्हीई × दाब × सिलिंडरचं आकारमान ÷ (२८७ × केल्विनमधलं तापमान). १.८ टर्बोचा एक सिलिंडर ४४५ सीसी. दाब १८० किलोपास्कल, हवा ५० अंश, व्हीई ९५ टक्के. उत्तर येतं ०.८२ ग्रॅम. लॅम्डा ०.८० साठी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं प्रमाण १०.८, म्हणजे ७६ मिलिग्रॅम, सुमारे ०.१ सीसी. ५५० चा इंजेक्टर एवढं अकरा मिलिसेकंदांत टाकतो, वर उघडायला लागणारा एक मिलिसेकंद. ६००० आरपीएमला एका फेऱ्याला, म्हणजे क्रँकच्या दोन आवर्तनांना, २० मिलिसेकंद मिळतात. बारा वापरले. साठ टक्के. इंजेक्टर पुरतो.

तो उघडायचा एक मिलिसेकंद म्हणजे डेड टाइम, आणि तो बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. इंजेक्टरबरोबर त्याचा तक्ता मिळत नसेल तर ते इंजेक्टर घेऊ नका. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आयडलचा लॅम्डा सरकत असेल तर दोष बहुतेक इथेच असतो.

सॉफ्टवेअरमध्ये इंजिनचं आकारमान, इंजेक्टर, ट्रिगर व्हील (क्रँकची जागा सांगणारी दातेरी चकती; या इंजिनला ६०-२, म्हणजे साठांतले दोन दात गाळलेले) भरा. लॅम्डा टार्गेट इंधनाच्या हिशोबात धरण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करा. अर्ध्यात चालू केलात तर सगळं टेबल पुन्हा करावं लागतं. टार्गेट: आयडल आणि क्रूझिंग १.००, शंभर किलोपास्कलला ०.९०, पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८०.

व्हीई टेबलाचे पहिले आकडे अंदाजाने: आयडलला ४५-५०, मधल्या आरपीएमला शंभर किलोपास्कलवर ८५, बूस्टमध्ये ९० ते १००. दाब दुप्पट झाला म्हणून व्हीई दुप्पट करू नका. दाबाचा गुणाकार सूत्रात आधीच आहे. टेबल त्रिमितीत बघा. सातपुड्याच्या पायथ्यासारखा हळू चढ दिसला पाहिजे, सुळके दिसले तर चूक आहे.

सुरू करणे

इंजेक्टरचा कनेक्टर काढून आधी नुसतं क्रँक करा, ईसीयूला आरपीएम स्थिर दिसतात का ते बघा. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) १० अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइटने पुलीवर १०च दिसतात याची खात्री करा. हे वगळून पुढे जाऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये १० आणि प्रत्यक्षात १८ असेल तर पुढची सगळी मेहनत पिस्टन फोडण्यासाठी चालली आहे. गाडी सुरू झाल्यावर ही खात्री पुन्हा एकदा, २५०० आरपीएमला.

पेट्रोलचा वास, ओले प्लग, दोन-चार फटाके, हे पहिल्या दिवशी होणारच. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

थंड इंजिनच्या वॉर्मअप टेबलाचं मात्र आपल्याकडे गमतीशीर आहे. मे महिन्यात सकाळी सहाला कूलंट ३४ अंश. ट्यून करायचं काय? खालचे रकाने अंदाजाने भरा आणि डिसेंबरची वाट बघा.

बूस्टविना भाग

इंजिन ८० अंशांवर आलं की लॅम्डाची आपोआप दुरुस्ती बंद करा, ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (पेडल दाबताच मिळणारं जादा पेट्रोल) बंद करा, उतारावर पेट्रोल कापणारी सोयही बंद. मग एकेका रकान्यात गाडी स्थिर धरा आणि बघा. नवा व्हीई = जुना व्हीई × मोजलेला लॅम्डा ÷ टार्गेट लॅम्डा. ६२ होता, टार्गेट १.००, मोजला १.०८, तर नवा ६७. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरच्या पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत हे काम आपोआप होतं, पण पहिले वीस रकाने हाताने करा. हात बसतो.

कोणीतरी शेजारी बसून लॅपटॉप बघावा. गाडी चालवताना स्क्रीन बघणारा माणूस माझ्या शेडमध्ये दुसऱ्यांदा येत नाही, मी येऊ देत नाही.

ॲक्सिलरेशन एनरिचमेंट शेवटी. व्हीई चुकलेलं असताना त्याच्यामागे लागलात तर दोन्ही चुकतील.

बूस्ट

बूस्ट कंट्रोलर बाजूला काढा, गाडी फक्त वेस्टगेटच्या (बूस्टला आवर घालणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर ठेवा. साधारण अर्धा बार. टायमिंग मुद्दाम मागे: २०० किलोपास्कलच्या रकान्यांत १० ते १२ अंशांपासून सुरुवात. बूस्ट टार्गेटच्या २० किलोपास्कल वर गेला की पेट्रोल कापायची सोय लावा. आणि माझ्या पिस्टनची आठवण म्हणून आणखी एक: दाब १४० च्या वर आणि लॅम्डा ०.८८ पेक्षा जास्त, असं तीन दशांश सेकंद राहिलं तर कट. ज्या ईसीयूत ही सोय नाही तो टर्बोसाठी मी घेणार नाही.

हे काम डायनोवर करा. पुण्या-मुंबईला जावं लागतं, पैसे जातात, ट्रेलरचं भाडं जातं. आपल्या महामार्गावर केळीचे ट्रक, उसाच्या बैलगाड्या आणि उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर असताना पूर्ण थ्रॉटलने लॉग घेणं हा मूर्खपणा आहे, आणि तो मी केलेला आहे म्हणून सांगतो.

पूर्ण थ्रॉटलच्या प्रत्येक फेरीनंतर थांबा, लॉग बघा. बूस्टमध्ये रिच बाजूने टार्गेटकडे या, लीन बाजूने कधीच नाही. नॉक ऐकायला ब्लॉकवर नॉक सेन्सर किंवा माइक बसवून तो ॲम्प्लिफायरमधून हेडफोनला जोडा. दोन दिवसांत कान तयार होतो. टायमिंग एकेक अंश वाढवा आणि टॉर्क वाढायचा थांबला की परत एक मागे घ्या. आयएटी ५० अंशांच्या वर गेला की दर पाच अंशांना एक अंश टायमिंग मागे, हे माझं खान्देशी प्रमाण आहे. थंड गावातल्या लोकांच्या तयार फायलींमध्ये ते टेबल बहुतेक कोरं असतं. दुसऱ्याची फाइल उचलून आणणाऱ्यांनी निदान एवढं बघावं.

शेवभाजीची परीक्षा

गाडी तयार झाली असं वाटलं की मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता भुसावळ रोडला न्या. तासभर चालवा. ढाब्यावर उन्हात उभी करा, बॉनेट बंद. आत जाऊन शेवभाजी मागवा, तिखट असल्याने पंचवीस मिनिटं लागतातच. परत येऊन लॉग चालू करा, स्टार्ट करा आणि पहिली तीन मिनिटं लॅम्डा बघा. आयडलला १.०६-१.०७ दिसला आणि गाडी चालल्यावर आपोआप १.०० वर आला, तर आयएटी तापला होता. सेन्सरची जागा बदलता येते का ते आधी बघा. नसेल तर ईसीयूच्या कमी हवेच्या भागात कूलंटच्या तापमानाचा वाटा धरायची सोय असते, तिथे थोडं थोडं बदलत जुळवा. मला चार ताटं शेवभाजी लागली.

उंचीची परीक्षा तोरणमाळला. साडेअकराशे मीटरवर वातावरणाचा दाब ८८ किलोपास्कलच्या आसपास येतो. एमएपी निरपेक्ष दाब मोजत असल्याने मोठी दुरुस्ती लागत नाही. वेगळी बॅरोमीटर दुरुस्ती चालू ठेवली असेल तर उलट तीच गोंधळ घालते, ती बंद करून बघा. घाट चढताना टर्बोला तोच बूस्ट गाठायला जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते, म्हणून आयएटीकडे लक्ष ठेवा. वर पोहोचल्यावर यशवंत तलावाजवळ चावी ऑन करून एमएपीचा आकडा वहीत लिहा. घरी आल्यावर परत लिहा. दोन्हींत दहा-अकराचा फरक पडला तर सेन्सर जागेवर आहे.

फाइल जपताना नावात तारीख आणि हवेचं तापमान घाला. माझ्याकडे "मे-१४-दुपार-४६" आणि "जाने-०३-पहाट-९" अशा फायली आहेत. आणि ती सिलिकॉनची नळी, चांगली दिसत असली तरी, मी दर मार्चमध्ये बदलतो.